दोन तारखेचं बिल

५ जानेवारी २००४, सोमवार. युमा, ॲरिझोना

आज दुपारी घरून टपालाचा गठ्ठा आला. सगळ्यात वर क्रेडिट कार्डाचं बिल. पैसे पोचायची शेवटची तारीख दोन जानेवारी. म्हणजे बिल माझ्या हातात पडलं तेव्हा ते शिळं होऊन गेलं होतं. दंड पस्तीस डॉलर.

रेल्वेत मी खनिजाच्या गाड्या सोडायचो. गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरला जाब द्यावा लागे. या बँकेत जाब विचारायला कुणी नाही. बिल छापायचं, आठवडाभर तिजोरीत मुरवायचं, मग सगळ्यात आळशी टपालाने पाठवायचं. पैसे भरायला वीस दिवस देतात, त्यातले निम्मे पाकिटातच मरतात. चेक पोचायला पुन्हा आठवडा. हा धंदा नाही, वाटमारी आहे. फक्त वाटमाऱ्याला थंडीत उभं तरी राहावं लागतं.

आणि बँकेच्या जोडीला आमचा ओनी हाउटाला. मिशिगनच्या घरी रस्त्यापलीकडे राहतो. गेले दहा हिवाळे आम्ही इथे ऊन खायला येतो आणि आमच्या घराची किल्ली त्याच्याकडे असते. काम काय? पाइप गोठले नाहीत ना ते बघायचं, आमच्या डब्यातलं टपाल काढायचं, शुक्रवारी ट्रक काढून गावातल्या पोस्टात जायचं, गठ्ठा काउंटरवर वजन करून इकडे पाठवायचा. रस्त्यावरच्या डब्यात ठेवून द्यायचा नाही, हे मी त्याला बजावून ठेवलंय, कारण मग तो अंदाजाने जास्तीची तिकिटं लावतो. याबद्दल त्याला दर वसंतात ग्रेपफ्रूटची पेटी मिळते. एवढ्या कामाला एवढी पेटी पुष्कळ झाली.

हा गठ्ठा शुक्रवारी नाही, मंगळवारी निघाला होता.

"ख्रिसमस होता," माझी बायको इल्मी म्हणाली.

"ख्रिसमस दर वर्षी असतो. बिल कधी चुकलं नव्हतं."

चाळीस वर्षांत एकदाही नाही.

७ जानेवारी

बँकेला फोन केला. आधी यंत्र बोललं, मग वाजंत्री, मग एक मुलगी. नाव ब्रँडी. आडनाव सांगायची त्यांना परवानगी नाही म्हणे. मला मात्र पहिल्याच वाक्यात आर्व्हिड म्हणाली.

"मिस्टर केटोला म्हणा."

"हो, आर्व्हिड. तुमचे पैसे उशिरा आलेत."

"तुमचं बिल उशिरा आलं."

"आम्ही वेळेवर पाठवलं होतं. तुम्ही फोनवरून भरू शकता, आर्व्हिड. त्याचे फक्त पंधरा डॉलर."

"माझेच पैसे तुम्हाला द्यायचे मी वर पंधरा डॉलर देऊ?"

"ती एक सोय आहे."

"कुणाची?"

ती हसली. मला वाटतं त्यांना हसायलाही शिकवत असावेत. पत्ता बदलून घ्यायला दोन बिलं जातात असं म्हणाली, आणि तोवर आम्ही घरी परतलेलो असू. शेवटी विचारलं, आज आणखी काही मदत करू का. मी म्हटलं, मदतीला सुरुवात कधी झाली?

इल्मीचं म्हणणं, पुढच्या महिन्यात बिलाची वाट न बघता अंदाजे चेक पाठवून टाक. बिल हातात आल्याशिवाय पैसे देणारा माणूस मी नाही. आज अंदाजे पैसे दिले तर उद्या ते अंदाजे बिल पाठवतील.

१० जानेवारी

ओनीला फोन लावला. फोन बंद. हा नंबर सध्या सेवेत नाही, असं यंत्राने सांगितलं. बिल भरायचं विसरला असणार. स्वतःचं बिल विसरणाऱ्याच्या हातात मी माझं दिलंय.

इल्मी म्हणाली, "आपल्या घरी लावून बघ."

"आपल्या घरी? आपण इथे आहोत. तिथे कोण उचलणार? उंदीर?"

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि लावला. दुसऱ्याच घंटेला ओनीने उचलला.

योगायोग म्हणतात तो हा. नेमका त्याच घटकेला तो पाइप बघायला आला होता. तिकडे सकाळचे आठ. या वयात एवढ्या सकाळी बर्फ तुडवत पाइप बघायला येणं म्हणजे कौतुकच आहे, पण मग पोस्टात जायला काय होतं?

"ओनी, गठ्ठा उशिरा आला."

"हो रे. गावात जाणं झालं नाही."

"ट्रकला काय झालं?"

"विकला."

"विकला? जानेवारीत?"

"गंजला होता पार. गिऱ्हाईक आलं, देऊन टाकला."

ऐन हिवाळ्यात ट्रक विकणारा माणूस आमच्या भागात दुसरा सापडायचा नाही. मी म्हटलं, मग पोस्टात कसा जातोस? तर म्हणाला, चर्चचे पाद्री जातात तेव्हा त्यांच्या गाडीतून. पाद्री गावात जातात ते लोकांना पुरायला आणि लग्नं लावायला. म्हणजे माझं टपाल कुणी मरण्यावर अवलंबून.

त्याच्यामागे काहीतरी खदखदत होतं. मी विचारलं, तो कसला आवाज? म्हणाला, घर तापवायचा रेडिएटर. आल्यावर तो बघून घ्यायला हवा. कॉफीच्या किटलीसारखा आवाज करणारा रेडिएटर बरा नव्हे.

इल्मीने नंतर फोन घेतला आणि त्याला विचारलं, "ओनी, जेवतोस ना नीट?" काय पण प्रश्न.

२१ जानेवारी

गठ्ठा आला. असला गठ्ठा मी जन्मात पाहिला नाही. पाव येतो त्या प्लास्टिकच्या पिशवीत टपाल, वर खाकी कागद, त्यावर मार्करने अक्षरं, एकेक अक्षर माझ्या अंगठ्याएवढं. माझं नाव उतारावरून घसरत कोपऱ्यात जाऊन पडलंय. तिकिटं हवी त्याच्या दीडपट, त्यातलं एक उलटं. म्हणजे काउंटरवर गेलाच नाही. टपालवाल्या मार्लिसच्या हातात कोंबला असणार. मी बजावलं होतं ते पाण्यात.

आत काय? बियाण्यांची जाहिरात. पिझ्झा एकावर एक फुकट, आमच्या गावातल्या दुकानात, जे इथून दोन हजार मैलांवर आहे. गॅसचं आणि विजेचं बिल. आणि ओनीचं स्वतःचं फोनचं बिल, लाल अक्षरातल्या शेवटच्या सूचनेसकट. कार्डाचं बिल नाही.

"हे बघ," मी इल्मीला म्हटलं, "आता याचं बिलसुद्धा मीच भरायचं."

"चुकून आलं असेल."

"माझं नाव आणि त्याचं नाव यात फरक कळत नाही? केटोला आणि हाउटाला?"

इल्मीने ते बिल उचललं, बराच वेळ बघितलं आणि पर्समध्ये टाकलं. परत पाठवणार असेल.

गॅसवाल्यांचा चोरपणा तर बँकेच्या वरताण. घर आम्ही पन्नास फॅरनहाइटवर ठेवून आलो, पाइप गोठू नयेत एवढ्यापुरतं. रिकाम्या घराचं बिल गेल्या वर्षीच्या दुप्पट. मीटर वाचायला येणारा माणूस गाडीत बसूनच आकडा टाकत असेल. विजेचंही तेच. रिकाम्या घरात दिवे कोण लावतं? मी दोन्ही कंपन्यांना खरमरीत पत्रं लिहिली.

इल्मी म्हणाली, "या वर्षी थंडी जास्त आहे."

थंडीने दिवे लागत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने उत्तर दिलं नाही. मुद्दा पटला की ती गप्प बसते.

३० जानेवारी

कार्डाचं बिल अजून नाही. दोन तारीख सोमवारी.

इथे युमात आमच्या शेजारच्या गाळ्यातला मर्ल आयोवाचा. शेती विकून आलाय, दिवसभर खुर्चीत बसून इतरांना सल्ला देतो. पण आज पहिल्यांदाच कामाचं बोलला. हल्ली सगळीकडे घराची देखभाल करणाऱ्या कंपन्या आहेत म्हणे. किल्ली त्यांच्याकडे द्यायची. माणूस आठवड्याला फेरी मारतो, टपाल दुसऱ्या दिवशी पाठवतो, सहीनिशी.

"शेजाऱ्यावर कसला विसंबतोस?" मर्ल म्हणाला. "शेजारी म्हातारे होतात."

"हा तर जन्मतः म्हातारा आहे."

इल्मी तिथेच कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "मर्ल, तुझ्या घराची किल्ली कुणाकडे आहे?"

"घर विकलं ना."

"मग तुझा शेजारी?"

"त्याचं काय?"

"काही नाही," ती म्हणाली आणि चिमटा जरा जोरातच लावला.

६ फेब्रुवारी

बिल आलं. तारीख उलटून चार दिवस झाले. पुन्हा पस्तीस. आणि सोबत एक बारीक अक्षरातलं पत्रक, मुंगीने लिहिलेलं. दोनदा उशीर केलेला माणूस बेभरवशाचा असतो, तेव्हा यापुढे माझ्याकडून एकोणतीस टक्के व्याज घेतलं जाईल. बेभरवशाचा! आर्व्हिड केटोला! मी सोडलेल्या गाड्यांवर लोक घड्याळ लावत.

बाहेरच्या पाकिटावर गावच्या पोस्टाचा शिक्का आहे, एकोणतीस जानेवारीचा. बिल मात्र बँकेतून सोळालाच निघालेलं दिसतंय. म्हणजे मधले सगळे दिवस ते आमच्या घरात पडून होतं. ओनीच्या नाकासमोर. बँकेचं नाव वर कोपऱ्यात निळ्या ठसठशीत अक्षरात छापलेलं आहे. आंधळ्यालाही दिसेल.

हे मी मोठ्याने बोललो. इल्मी भांडी घासत होती, ती थांबली.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, आंधळ्यालाही दिसेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळून पुन्हा भांडी घासायला लागली.

९ फेब्रुवारी

ओनीला पत्र लिहिलं. दोन पानं. एक प्रत ठेवली आहे. सभ्य भाषेत, पण एकही गोष्ट सोडली नाही. निष्काळजीपणा, ट्रक, तिकिटं, चाळीस वर्षांचं माझं नाव. शेवटी: शनिवारी, अठ्ठावीस फेब्रुवारीला, देखभाल कंपनीचा माणूस येईल, त्याला किल्ली द्यायची. तो कुलूपही बदलेल. त्यानंतर तुला आमच्या घरात यायची गरज नाही.

इल्मीला वाचून दाखवलं. चूक झाली.

"किल्ली काढून घेणार?"

"अर्थात."

"फेब्रुवारीत? मग तो जाईल कुठे?"

"कुठे म्हणजे? त्याच्या घरी जाईल. रस्त्यापलीकडे त्याचं घर आहे."

"त्याच्या घरात लाकडाची चूल आहे, आर्व्हिड. दुसरं काही नाही."

"मला सांगतेस? ती बसवायला मीच होतो. दर वर्षी दहा गाड्या लाकूड फोडतो तो."

"या वर्षी फोडलं?"

"मला काय माहीत? मी काय त्याच्या सरपणाचा हिशेब ठेवतो?"

"आपण निघालो तेव्हा त्याचं अंगण रिकामं होतं. मी बघितलं होतं. वाटलं, मागे रचलं असेल." ती बसली. "आठ वाजता आपल्या स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती. गॅस दुप्पट, दिवे दुप्पट. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. आपल्याला लुबाडतायत."

"तुला कळत नाही की कळून घ्यायचं नाही?"

"तुला काही ठाऊक असेल तर सरळ सांग."

"ठाऊक नाही. त्याला विचारलं तर तो थंडीने कडक होईल पण कबूल करणार नाही. तुम्ही दोघं एका माळेचे मणी." मग म्हणाली, "ते पत्र माझ्याकडे देऊ नकोस. टाकायचं तर तूच टाक. स्वतःच्या पायांनी जा."

मी गेलो. पत्रपेटी फाटकाशी आहे, काही हिमालय चढायचा नव्हता. बायकांना कोड्यात बोलायला आवडतं. ओनीला काही हवं असतं तर त्याने मागितलं असतं. तोंड आहे त्याला.

१७ फेब्रुवारी

देखभाल कंपनीला आगाऊ रक्कम पाठवली. त्यांच्या माणसाचा फोन आला, नाव कॉरी. अठ्ठावीसला, शनिवारी दुपारी येतो म्हणाला. वाटेत फेरी मारली होती म्हणे, घर बाहेरून बघितलं. "छतावरचा बर्फ कुणीतरी काढलाय. वाकडातिकडा, पण काढलाय. आणि दारापासून डब्यापर्यंत दोरी बांधलीय."

"दोरी कसली?"

"कंबरेच्या उंचीवर. खुंट्या ठोकून. म्हटलं, तुमची काही पद्धत असेल."

आमची कसली पद्धत? ओनीचे खेळ. टपाल पाठवायला वेळ नाही, दोऱ्या बांधायला आहे.

इल्मी आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला तीन रात्री दूध आणि कॉर्नफ्लेक्स. मी तक्रार केली नाही. मला कॉर्नफ्लेक्स आवडतात असं मी तिला म्हटलं, तर चौथ्या रात्रीही तेच.

२३ फेब्रुवारी

ओनीकडून उत्तर नाही. पत्र केव्हाच पोचलं असणार. निदान "बरं" तरी लिहावं माणसाने. दहा हिवाळे घराची किल्ली याच्याकडे, आणि एक ओळ खरडायला याला जड जातं. इल्मी म्हणाली, फोन कर. मी का करावा? मला जे सांगायचं ते मी लिहून कळवलं आहे.

तिने केला का, मी विचारलं. म्हणाली, "नाही. हे तुझं तू निस्तर. मी परतीच्या बसची चौकशी केलीय. शनिवारी कुलूप बदललं तर रविवारी मी निघते."

"कुठे?"

"घरी. कुणीतरी जाऊन दार उघडायला हवं."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ही धमकी नवी आहे. बसने तीन दिवस लागतात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी जेवून उठलो आणि फोन वाजला. ओनी. आमच्याच नंबरावरून, म्हणजे माझ्या खर्चाने.

"आर्व्हिड, तुझं पत्र आलंय."

"मग? वाचलंस ना?"

"तेच. चष्मा सापडत नाहीये. दोन पानं आहेत, हाताला लागतायत. तू काय लिहिलंयस ते सांग ना."

"चष्मा शोध."

"शोधतोय. किती दिवस शोधतोय. मार्लिसने पत्र आत आणून दिलं, कॉफी पिऊन गेली. चांगली पोरगी आहे. हल्ली सगळं टपाल मला..." तो थांबला.

"सगळं टपाल काय?"

"आत आणून देते."

मी खणातून पत्राची प्रत काढली. म्हटलं, ठीक आहे, तुला माझ्या तोंडूनच ऐकायचंय तर ऐक. इल्मी समोरच्या खुर्चीत येऊन बसली, हात मांडीवर. वाचायच्या आधी मला उद्याचं बघायचं होतं, कंपनीची गाडी दारापर्यंत येईल की नाही.

"बाहेर बर्फ पडतोय का?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ओनी, खिडकीतून बघ. बर्फ पडतोय का?"

"पांढरं आहे," तो म्हणाला.

"पांढरं असणारच. पडतोय का विचारतोय."

"पडत असेल."

"असेल म्हणजे? खिडकीसमोरचं बर्चचं झाड दिसतंय की नाही?"

"ते जाणार कुठे?" तो हसला. "दहा फुटांवर तर आहे."

"दिसतंय का?"

मागे तो रेडिएटर खदखदत होता. आमच्या त्या घरातल्या रेडिएटरला मी ओळखतो, बावीस वर्षं झाली. तो कधी खदखदत नाही. मग ओनी म्हणाला, "तू वाच ना, आर्व्हिड. काय असेल ते वाच. मी ऐकतो."

प्रत माझ्या हातात होती. पहिलं वाक्य: तुझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे. अक्षर माझंच, व्यवस्थित, डाव्या बाजूला समास सोडलेला. मी घसा साफ केला. इल्मी हलली नाही.

"प्रिय ओनी," मी वाचलं. "घर पन्नासवर ठेवलंय ते फार कमी आहे. पाइप गोठतील. ते अडुसष्टवर ठेवावं."

"अडुसष्ट? गॅसचं बिल केवढं येईल."

"मध्ये बोलू नकोस, वाचतोय. रिकाम्या घराला उंदीर लागतात. तेव्हा हिवाळाभर तू तिथेच राहावंस हे बरं. मागच्या खोलीतला पलंग वापरावास, स्वयंपाकघरातला बाक पाठीला वाईट. टपाल मार्लिसच्या हातात द्यावं, तिकिटं किती का लागेनात."

"आणि?"

"आणि काय? संपलं."

"दोन पानं आहेत रे."

"मी मोठं लिहितो."

"बरं," ओनी म्हणाला. त्याने नाक शिंकरलं. मग म्हणाला, "म्हणजे शनिवारी मी इथेच थांबलो तर चालेल."

"कुठल्याही वारी थांब. शनिवारचं काय एवढं?"

"काही नाही. बरं झालं, विचारलं ते." आणि फोन ठेवला.

लगेच कॉरीला फोन करून उद्या येऊ नका म्हणून कळवलं. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही म्हणाला. एका नमुन्याचे सगळे.

आता ओनी. त्याचं डोकंही चाललंय असं दिसतं. शनिवारचं मी एक अक्षर उच्चारलं नव्हतं. जे काही शनिवारचं होतं ते पत्रात होतं, आणि पत्र याला वाचता येत नाही. मग हा शनिवार आला कुठून? भ्रमिष्टासारखा मनाला येईल तो वार काढून बोलतो. मी हे इल्मीला सांगितलं.

ती हसायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. डोळे पुसत हसत होती, आणि मी काय झालं विचारलं तर सांगायला तयार नाही.

"एवढं हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "तू पत्र फार छान वाचतोस."